ताराबाई वायाळ, मयत

१

दसऱ्याची सुट्टी संपली आणि ताराबाई वायाळ बँकेच्या परतूर शाखेत कामावर आल्या, तेव्हा त्या मेलेल्या होत्या.

हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. दाराशी चपला काढून, गणपतीच्या तसबिरीला हात जोडून, पदर खोचून त्या रोखीच्या काउंटरवर बसल्या. कॉम्प्युटरवर खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची माळ अजून तशीच होती. ताराबाईंनीच गुंफलेली, चांगली जाडजूड. त्यांनी आयडी टाकला, पासवर्ड टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. हा आयडी बंद आहे. कारण: कर्मचारी मयत.

बोट चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा तेच आलं. मग त्यांनी शेजारच्या मीनाला हाक मारली.

मीना बोराडे ही शाखेतली सर्वांत नवी कारकून. नोकरी अजून कायम व्हायची होती. तिनं वाकून वाचलं आणि तोंडावर हात नेला.

दुपारपर्यंत जालन्याच्या मुख्य कचेरीतून खुलासा आला. नव्या सिस्टीममध्ये नोकरांची खाती आणि त्यांचे आयडी एकाच दोऱ्यात ओवलेले होते. खातं मयत झालं की माणूसही मयत. खंडेनवमीच्या संध्याकाळी, शाखा बंद झाल्यावर, कुणीतरी ताराबाईंच्या खात्याला तशी नोंद लावली होती. अशी नोंद एकानं टाकायची आणि दुसऱ्यानं पास करायची असते. टाकली होती मीनाच्या आयडीनं आणि पास केली होती मॅनेजर राधेश्याम यांच्या आयडीनं.

"मी न्हाई, मावशी," मीना म्हणाली. "देवाशपथ मी न्हाई."

ताराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग कॉम्प्युटरवरची सुकलेली माळ त्यांनी हलक्या हातानं सोडवली, पिशवीत ठेवली आणि चपला पायात घातल्या.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसानं कशाला अडवून ठेवावी खुर्ची?"

२

चौकशीला आलेल्या गंधाली अंबेकर जालन्याहून सकाळच्या गाडीनं परतूरला उतरल्या, तेव्हा फलाटावर कापसाचे गठ्ठे आणि दोन म्हाताऱ्या एवढंच होतं.

पन्नाशीला टेकलेल्या, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं झुकावं लागे. त्यांची उभी नोकरी तपासणी खात्यात गेली होती. कागदावरची लबाडी त्या वासावरून ओळखत. पण कागद गेले आणि ही नवी सिस्टीम आली. तिच्यात कशालाच वास नव्हता. एक खिडकी उघडली की दुसरी उघडायची, आणि मागं कसं जायचं ते सापडायचं नाही. ट्रेनिंगला त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि घरी येऊन विचारायला कुणी नव्हतं. आई होती तोवर निदान "आज काय शिकवलं गं?" असं विचारणारं माणूस होतं.

"सरळ प्रकरण आहे," साहेबांनी निघताना सांगितलं होतं. "पोरीचा आयडी आहे. शनिवारी तुमचा अहवाल द्या, सोमवारी तिला घरी पाठवू."

शाखेच्या वरच्या खोलीत त्यांची सोय केली होती. खोली स्वच्छ होती, पण अंगणात तुळस नव्हती, गच्चीवरही नव्हती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय गंधाली तोंडात पाणी घेत नसत. नेम आईचा होता, तिच्यामागं त्यांनी उचलला. पण ही अडचण उद्याची होती. आज आधी माणसं बघायची होती.

राधेश्याम यांनी उठून खुर्ची दिली. गोरेपान, घाईत असलेले गृहस्थ. त्यांच्या कॉम्प्युटरवरही झेंडूची माळ सुकत होती. तिच्या काही पाकळ्या कळफलकावर पडल्या होत्या.

"मॅडम, मी पास केलं न्हाई. बिलकुल न्हाई. त्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले, आन आम्ही सगळे जल्दी निघालो. मी तर थेट मंठ्याला सासुरवाडीला."

"ताराबाईंचं आणि तुमचं कसं आहे?"

"खोटं कशाला बोलू? मी त्यांना म्हणलो होतो, की बाई, आता स्वेच्छानिवृत्ती घ्या. नव्या सिस्टीमची परीक्षा नापास झाल्या त्या. पुन्हा नापास झाल्या की मुख्य कचेरी त्यांना जुन्या फाइलींच्या गोदामात टाकणार. एकट्या बाईनं त्या धुळीत काय करावं? चांगल्यासाठीच म्हणलो."

"कशात नापास झाल्या?"

"तेच तर समजत न्हाई. सगळं केलं बराबर. एकच काम कोरं सोडलं. तेवढ्यावर गेल्या."

"कोणतं काम?"

राधेश्याम यांनी कपाळाला हात लावला, जणू ते आत्ताच त्यांच्या ध्यानात येत होतं.

"खातेदाराची मयत नोंद," ते म्हणाले.

३

शिपाई मच्छिंद्र पायरीवर बसून तंबाखू मळत होता. गंधालींना पाहून त्यानं ती घाईनं खिशात लोटली.

"ताराबाईंनी तुमची तक्रार केली होती म्हणे."

"केल्ती ना. भिंतीवर थुकलो म्हून. पंधरा दिवस बोललो न्हाई मी त्यांच्याशी." तो ओशाळला. "रागात म्हणलो बी होतो, ही बाई मरत का न्हाई एकदाची. समद्यांनी आयकलंय. पर मॅडम, मला ते मशीन चालू करता येत न्हाई. मी निस्ती धूळ पुसतो त्याची."

"त्या संध्याकाळी कोण कोण होतं?"

"समदे गेले. मी हितंच पायरीवर. आत ताराबाई हुत्या, रोजच्यासारख्या. त्या उशिरा जात्यात."

"उशिरा का?"

"घरी कोण हाय त्यांच्या? हितं निदान पंखा तरी घरघर करतो." आपण फार बोललो असं त्याला वाटलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि आवाज उतरवला. "येक सांगू का? नगं सांगू असं वाटून राह्यलं, पर सांगतो. मीनाबाई परत आल्ती."

"कधी?"

"समदे गेल्यावर. आत गेली, जरा येळानं भायेर आली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

गंधाली आत गेल्या. मीना काउंटरवर ग्राहकाला पासबुक देत होती. हसून देत होती. तिच्या कॉम्प्युटरवर माळ नव्हती, नुसतं कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

"बाळ, त्या संध्याकाळी तू परत आली होतीस. हे तू मुख्य कचेरीला सांगितलं नाहीस."

मीनाचं हसू पुसलं गेलं. "डबा राहिला होता, मॅडम. बाहेर रिक्षा थांबली होती, तिकडून गावाची शेवटची गाडी गाठायची होती. डबा उचलला आणि पळाले. सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता का?"

"मला सांगून बघ. तुझा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई."

"आणि डेमोचा?"

आधी बँकेच्या दोन सिस्टीमी समजून घ्यायला हव्यात. एक लाईव्ह, म्हणजे खरी. दुसरी डेमो, शिकण्यासाठी. डेमोत खऱ्याच खातेदारांची नक्कल भरलेली, खिडक्याही त्याच. फरक एवढाच की स्क्रीनच्या माथ्यावर लाईव्हला निळी पट्टी असते आणि डेमोला हिरवी. ट्रेनिंगवाल्यांनी डेमोसाठी सगळ्यांना एकच पासवर्ड वाटला होता.

"डेमोचा तर सगळ्यांनाच माहीत असतो," मीना म्हणाली. "रोखपालाच्या आयडीला मयत नोंदीची खिडकी दिसत न्हाई. म्हणून डेमोत सगळे माझ्या आयडीनं टाकतात आणि सरांच्या आयडीनं पास करतात. मावशीला तर रोज मीच डेमो लावून देते आणि मंग घरी जाते. त्यांना स्क्रीनवरच्या त्या दोन चित्रांतलं कोणतं दाबावं ते उमगत न्हाई ना."

"आणि लाईव्हचा तुझा पासवर्ड?"

मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तोच ठेवलाय," ती म्हणाली. "दोन-दोन कुठं ध्यानात ठेवायचे?"

राधेश्याम यांना विचारलं, तर त्यांचंही तेच निघालं. म्हणजे या कुलपाची किल्ली शाखेतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या खिशात होती. हे मीनाच्या बाजूचं झालं. पण संध्याकाळी मुख्य कचेरीतून फोन आला तेव्हा साहेब हसले.

"किल्ली सगळ्यांकडे असेल, अंबेकरबाई. पण परत आली ती एकटीच ना?"

४

सकाळी गंधाली तांब्या घेऊन निघाल्या. तुळस कुठं मिळेल, असं मच्छिंद्रला विचारलं, तर तो म्हणाला, "ताराबाईच्या अंगणात हाय की. लई मोठी."

ताराबाईंचं घर स्टेशनच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. तुळशीच्या बुंध्याशी झेंडूची ती सुकलेली माळ गोल करून ठेवलेली होती.

"निर्माल्य," ताराबाई मागून म्हणाल्या. "हापिसात टाकलं असतं तर झाडूखाली गेलं असतं. घाला पानी. तुमचा नेम हाय जनू."

"आईचा होता."

"मंग तुमचाच झाला."

चहा झाला. घरात एक खाट, एक कपाट, आणि भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो. ताराबाई टेंभुर्णीच्या. लग्न होऊन परतूरला आल्या, नवरा याच बँकेत होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या. मूलबाळ झालं नाही.

"मला राग न्हाई आला, मॅडम," त्या म्हणाल्या. "राग आला असता तर बरं झालं असतं. मी रातभर इच्यार करते, की मी त्या पोरीचं काय वाईट केलं? रोज तिच्यासाठी दोन भाकरी जास्ती थापायची मी. एकदा हसत हसत म्हणली होती, मावशी, तुम्ही गेल्या की ही खुर्ची माझी. म्या बी हसले होते. आता ते आठवून राह्यले."

"ती परत आली तेव्हा तुम्ही आत होता ना?"

"हुते. आली, डबा घेतला, 'येते मावशी' म्हणली, गेली. तिच्या खुर्चीकडं पाठ हुती माझी. काय केलं, काय न्हाई, कुणाला ठावं."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"सराव. दुसरं काय?" ताराबाई पहिल्यांदाच जरा हसल्या. "येकच काम र्‍हायलं हुतं ना परीक्षेतलं, ते. त्या दिवशी मनाचा हिय्या केला आन केलं एकदाचं. पहिल्या झटक्यात झालं बघा! बराबरची खूण आली. इतकं बरं वाटलं, पर सांगायला कुणी नव्हतं. घरी आले आन यांच्या फोटोला सांगितलं." हसू मावळलं. "आन दसरा झाल्यावर बघते, तर मीच न्हाई."

गंधालींनी कपबशी खाली ठेवली. कुठंतरी काहीतरी टोचलं होतं, पण काय ते त्यांना सापडेना. त्या निरोप घेऊन निघाल्या. फाटकापाशी एकदा वळून पाहिलं, तर ताराबाई रिकाम्या दोन कपांसमोर अजून तशाच बसलेल्या होत्या.

५

गुरुवार होता. दुपारी सगळे डबे उघडून बसले, आणि उपास असलेल्या गंधाली ताराबाईंच्या रिकाम्या काउंटरवर जाऊन बसल्या. त्यांनी ठरवलं होतं, की ही नोंद कशी होते ते आधी आपल्या हातांनी करून बघायचं. जे आपल्याला करता येत नाही, ते दुसऱ्यानं कसं केलं हे सांगणार कोण?

मीनानं डेमो लावून दिला. माथ्यावर हिरवी पट्टी आली.

आत शिरल्यावर गंधालींनी आधी मागचं काम कसं बघायचं ते शोधलं. दोनदा चुकीच्या खिडकीत गेल्या, एकदा बाहेरच फेकल्या गेल्या, मग सापडलं. शाखेच्या डेमोत रोज संध्याकाळी ताराबाईंचा सराव दिसत होता. खाती उघडली, पत्ते बदलले, चेकबुकं दिली. एकेक संध्याकाळ कुणी एकटंच बसून घर घर खेळल्यासारखी.

खंडेनवमीची संध्याकाळ मात्र कोरी होती. त्या दिवशी डेमोत कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं.

गंधालींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. कोरीच. मग ताराबाई खोटं बोलल्या? सराव केलाच नाही? पण त्या सांगताना हसल्या होत्या ते हसू खोटं नव्हतं.

असू दे, आधी नोंद करू, असं म्हणून त्यांनी मीनाचा आयडी टाकला. मयत नोंदीची खिडकी उघडली. पहिलाच रकाना होता खातेदार क्रमांकाचा.

आणि तिथं त्यांचा हात थांबला.

कुणाचा टाकायचा? राधेश्यामचा? त्याला दोन लहान मुलं. मीनाचा? पोरीचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय. कुणा अनोळखी खातेदाराचा? त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. खेळातलं मशीन आहे, खोटं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी जित्याजागत्या माणसापुढं 'मयत' लिहायला बोट उचलेना. देव सगळं ऐकत असतो म्हणतात. त्याला डेमो आणि लाईव्ह कोण समजावून सांगणार?

पंखा घरघरत होता. पलीकडं डब्यांची झाकणं वाजत होती, मच्छिंद्र कसलीशी गंमत सांगत होता.

मग गंधालींनी हळूच स्वतःचा क्रमांक टाकला. तो टाकताना काहीच जड वाटलं नाही. तेच त्यांना लागलं. राधेश्यामच्या आयडीनं पास केल्यावर बरोबरची हिरवी खूण आली. खातेदार अंबेकर गंधाली, मयत.

त्या त्या अक्षरांकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता पाठ ताठ झाली.

"मीना," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा चढला होता, म्हणून सगळे वळले. "त्या संध्याकाळी तू डबा घेऊन गेलीस, तेव्हा ताराबाईंना डेमो लावून दिला होतास का?"

मीनाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

६

शुक्रवारी कामकाज संपल्यावर गंधालींनी सगळ्यांना थांबवून घेतलं. ताराबाईंना आणायला मच्छिंद्र स्वतः गेला. त्या आल्या, पण मीनाकडं न बघता दाराजवळच्या बाकावर बसल्या.

"मी बोलेन, पण आधी एक करा," गंधाली म्हणाल्या. "राधेश्यामजी, तुमच्या कॉम्प्युटरवरची माळ द्या."

ती सुकी माळ त्यांनी ताराबाईंच्या कॉम्प्युटरवर बांधली, पूजेला बांधतात तशी, दोन्ही कानांना दोरा अडकवून आणि मध्ये झोळ देऊन. मग म्हणाल्या, "ताराबाई, या. तुमच्या खुर्चीत बसा. समोर आहे ते डेमो आहे की लाईव्ह?"

ताराबाई बसल्या. आयडी विचारणारं पान समोर होतं.

"डेमो," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"संध्याकाळ झाली ना. या येळेला डेमोच असतं. मीना लावून जाती."

गंधालींनी दोन बोटांनी माळ वर उचलली. खाली निळी पट्टी होती.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याची धडधड काचेला बसली.

"ज्याला ताराबाईंचं वाईट करायचं होतं, त्याला यातून काय मिळणार होतं?" गंधालींनी हळू आवाजात विचारलं. "सुट्टी संपली की त्या कामावर येणार आणि नोंद उघडी पडणार, हे लहान मुलालाही कळेल. फायदा कुणाचाच नाही. मग मी विचार केला, की हे वैर नसेलच तर काय असेल? ताराबाई म्हणाल्या, त्या संध्याकाळी मी सराव केला, आणि खूण आली. पण डेमोत त्या संध्याकाळचं काहीच नाही. सराव खरा झाला असेल आणि डेमोत नसेल, तर तो गेला कुठं? जायला दुसरी एकच जागा होती."

"मी लावूनच दिला न्हाई," मीना पुटपुटली. "रिक्षा थांबली होती. रोज देते, त्याच दिवशी..."

"दिवसभर वापरलेलं लाईव्हचं पान तसंच समोर होतं. पट्टीवर झेंडूची माळ होती. पासवर्ड दोन्हीकडं एकच. मीनाच्या आयडीनं टाकलं, सरांच्या आयडीनं पास केलं, डेमोत करतात तसंच. कुणाची लबाडी नाही. सगळ्यांचा थोडा थोडा आळस आणि एक पूजा."

"पर मॅडम," राधेश्याम म्हणाले, "सरावच करायचा, तर त्यांनी स्वतःचंच खातं कशाला घ्यावं? हजारो खाती हैत!"

गंधालींनी ताराबाईंकडं पाहिलं. ताराबाई आपल्या हातांकडं बघत होत्या.

"म्हंजी मीच?" त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी न्हाई?"

"दुसरं कुणी नाही."

"कुणाच्या मनात बी न्हाई?"

"कुणाच्याही मनात नाही, ताराबाई."

ताराबाईंनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ दाबून धरलेला श्वास सुटावा तसे त्यांचे खांदे खाली आले.

"त्या पहिल्या परीक्षेत म्हून तर कोरं सोडलं," त्या सावकाश म्हणाल्या. "कुणाचा नंबर टाकावा हो? समदी लेकराबाळाची मानसं. जित्या मानसाला मेलं म्हनायचं, आन ते बी मार्कांसाठी? हात धजंना. मंग त्या दिशी वाटलं, की आपला टाकावा. माझ्यामागं रडनारं कुणी न्हाई. कुणाचं काय जातंय?"

"आणि मी काय?" मीना एकदम ओरडली. इतक्या दिवसांचं सगळं त्यात होतं. "मी मेलेय का? चार दिवस झाले, घशाखाली घास उतरत न्हाई माझ्या. नोकरी जाती म्हणून न्हाई, तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हाई म्हणून! आणि म्हणं, रडणारं कुणी न्हाई!"

"अगं..."

"बोलू नका माझ्याशी!" मीना म्हणाली आणि जाऊन ताराबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हमसू लागली.

मच्छिंद्र भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "म्या बी बोललो हुतो काई बाई," तो भिंतीला म्हणाला. "ते मनातून नव्हतं."

७

शनिवारी ताराबाईंना जिवंत करायचं ठरलं. मुख्य कचेरीनं परवानगी दिली. साहेब फोनवर थोडे हिरमुसले, पण अहवाल त्यांना पटला. नोंद मीनानं नव्या पासवर्डनं टाकली, राधेश्याम यांनी नव्या पासवर्डनं पास केली.

"माझं नाव अहवालात येणार का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"येणार. चुकीत येईल, गुन्ह्यात नाही."

ताराबाईंची परीक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा होती. मीनाच्या नोकरीवरचं गंडांतर टळलं होतं. माळा सगळ्या काढून झाल्या होत्या, मच्छिंद्रनं त्या ताराबाईंच्याच तुळशीखाली नेऊन ठेवल्या होत्या. गंधालींनी पिशवी उचलली.

"येते. गाडीची वेळ झाली."

"थांबा," ताराबाई म्हणाल्या. त्या आपल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. "मीना म्हनली, तुम्ही बी ती नोंद डेमोत करून बघितली म्हून."

"हो."

"कुणाचा नंबर टाकला?"

गंधालींनी पिशवीचा बंद नीट केला. मग उगाचच चष्मा काढला.

ताराबाईंनी आणखी विचारलं नाही. त्यांनी दोन चित्रांवरून बोट फिरवलं आणि एक दाबलं. वर हिरवी पट्टी आली. खात्री करायला त्यांनी उभं राहून, जवळ वाकून ती पुन्हा पाहिली.

"मीने, तुझा आयडी टाकते गं. डेमोचा."

"टाका की."

खिडकी उघडली. क्रमांक त्यांना ठाऊक नव्हता, त्यांनी नावावरून शोधला. एकेक अक्षर बोटानं दाबत होत्या, मध्ये कुणाला काही विचारलं नाही. राधेश्याम मागं येऊन उभे राहिले. मीनाही आली. स्टेशनच्या बाजूनं गाडीची शिट्टी ऐकू आली.

"गाडी..." मच्छिंद्र म्हणाला.

"जाऊ दे ती. दुसरी येती," ताराबाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "मच्छिंद्रा, चहा सांग. मॅडमच्यात साखर कमी."

सरांच्या आयडीनं पास करायचं शेवटचं बटण त्यांनी दाबलं. बरोबरची खूण आली. मग त्यांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, म्हणजे गंधालींना दिसावं.

खातेदार अंबेकर गंधाली. स्थिती: जिवंत.

गंधालींनी ते वाचलं. चष्मा घालून पुन्हा वाचलं. मग पिशवी खाली ठेवली आणि ताराबाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.